सरका जरा!

अमरावतीहून अकोल्याला रोज अपडाऊन करणाऱ्या माणसाला जागेचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. बडनेऱ्याला गाडीत चढायचं, तिघांच्या बाकावर चौथा म्हणून टेकायचं, कुरुमला पाचव्याला टेकू द्यायचं, आणि मूर्तिजापूरला सहावा आला की आपण वडिलोपार्जित या बाकाचे मालक आहोत असा चेहरा करून खिडकीबाहेरची पऱ्हाटी न्याहाळत बसायचं, हा आमचा नित्यनेम. या सगळ्या व्यवहाराला भाषा लागते फक्त दोन शब्दांची : ‘सरका जरा.’ या दोन शब्दांत फार मोठी शक्ती आहे. कुणी उठत नाही, कुणाची जागा जात नाही, कुणाचा डबा कुणाच्या मांडीवर जात नाही. जो तो चार-चार बोटं सरकतो आणि जिथं मुळीच जागा नव्हती तिथं एक अख्खा बँक कारकून मावतो.

तेव्हा जागा या विषयात मी स्वतःला तज्ज्ञ समजत होतो. त्याला धंद्याचंही कारण होतं. 2000 साली मी बँकेत चिकटलो तेव्हा आमच्या शाखेत संगणक होता, पण तो बहुतेक वेळ कापडाखाली झाकलेला असे. खरा कारभार लेजरांवर चाले. खातेदारांच्या नावांचं एक इंडेक्स रजिस्टर असे आणि त्यात कोणत्या अक्षराला किती पानं सोडायची हे ठरवायचं काम नव्या कारकुनाच्या गळ्यात पडे. मी बी.कॉम. झालेला. समतेच्या तत्त्वाने सगळ्या अक्षरांना सारखी पानं वाटून मोकळा झालो. वऱ्हाडात हे चालत नाही. तीन महिन्यांत ‘डी’ची पानं देशमुखांनी भरून टाकली, ‘टी’ची ठाकऱ्यांनी, ‘डब्ल्यू’ची वानखड्यांनी. उरलेले देशमुख ‘ई’च्या घरात घुसले आणि ‘एक्स’ची पाच पानं मात्र कोरी करकरीत. त्यांवर आमचे हेडक्लार्क चहाचा हिशेब लिहीत. ते मला म्हणाले होते, “बाबू, जागा मानसं पाहून सोडा लागते, फुटपट्टी पाहून नाही.” हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. ते व्याजासकट परत येणार आहे हे ठाऊक असतं तर तेव्हाच डायरीत टिपून ठेवलं असतं.

आता थोडं घराविषयी. सौभाग्यवती अमरावतीला शाळेत शिक्षिका, कन्या तिथंच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, माझी शाखा अकोल्याला आणि आई अकोल्यालाच जठारपेठेतल्या जुन्या भाड्याच्या घरात. वडील गेल्यावरही तिनं ते घर सोडलं नव्हतं. दुपारी मी तिच्याकडे जेवून येत असे. म्हणजे आमचं कुटुंब ही दोन गावांत मांडलेली एक आकृती होती आणि तिच्यातली तार म्हणजे मी. सकाळी इकडून तिकडे, संध्याकाळी तिकडून इकडे.

यंदा दोन गोष्टी एकदम झाल्या. घरमालकाला जठारपेठेतल्या त्या जागेवर फ्लॅट बांधायचे होते, आणि आईच्या डोळ्यांनाही आता नीट दिसेनासं झालं होतं. म्हणून आईला अमरावतीला आणायचं ठरलं. आणि नेमकं त्याच महिन्यात कन्येचं प्रोजेक्ट आलं.

पूर्वी प्रोजेक्ट म्हणजे काहीतरी ठोकाठोकी असायची. हिचं प्रोजेक्ट म्हणजे थर्माकोलचं एक खोकं, त्यात पाच संत्री, एक तापमापक, एक छोटा पंखा आणि हे सगळं ज्याला जोडलेलं तो लॅपटॉप. खोक्यातला उकाडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की पंखा आपोआप सुरू व्हायचा. एवढ्याचसाठी आमचं जेवणाचं टेबल महिनाभर सरकारजमा झालं आणि आम्ही खाली पाटावर बसून जेवू लागलो. पाचातली दोन संत्री मी खाल्ली, हे इथंच कबूल करून टाकतो.

पण मला नवल वाटलं ते पडद्यावरच्या चित्राचं. मी समजत होतो प्रोग्राम म्हणजे इंग्रजीतल्या ओळींमागून ओळी. इथं एकही ओळ नाही! नुसती खोकी, खोक्यांतून निघालेल्या तारा, त्या दुसऱ्या खोक्यांत शिरलेल्या. इलेक्ट्रिशियनने भिंतीतली पट्टी उघडून ठेवावी तसा देखावा. मी विचारलं, “हे काय?” कन्या म्हणाली, “हाच प्रोग्राम, बाबा. लॅबव्ह्यू. यात लिहायचं नसतं, काढायचं असतं. भाषेचं नाव जी.”

भाषेचं नाव ‘जी’ हे ऐकून मला त्या भाषेविषयी एकदम आपुलकी वाटली. वऱ्हाडातल्या माणसाला ‘हो जी’, ‘काय जी’ म्हटल्याशिवाय वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत जेफ कोडोस्की आणि जेम्स ट्रुचर्ड या मंडळींच्या डोक्यातून ही निघाली आणि 1986 साली मॅकिन्टॉश संगणकावर प्रथम अवतरली, असं कळलं. ही मंडळी मूर्तिजापूरच्या फलाटावर कधी चहा प्यायली होती की काय, कोण जाणे! ती कंपनीच 2023 साली एमर्सन नावाच्या आणखी मोठ्या कंपनीने घेतली. म्हणजे एक खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात गेलं. ही भाषा काढणाऱ्यांना त्यात नवल वाटलं नसावं.

मग कन्येने मला चित्र वाचायला शिकवलं. तारांचे रंग ठरलेले. पूर्णांक वाहून नेणारी तार निळी, अक्षरं नेणारी गुलाबी, होय-नाही एवढंच सांगणारी हिरवी आणि अपूर्णांकाची नारिंगी. तापमान अपूर्णांकात येतं. म्हणजे संत्र्याचं तापमान संत्र्याच्याच रंगाच्या तारेतून वाहत होतं! ही योजना टेक्सासवाल्यांनी अमरावती जिल्ह्याचा मान राखून केली असावी, असं मी म्हणालो. कन्या हसली नाही. इंजिनिअरिंगला गेलेली मुलं वडिलांच्या विनोदांना हसत नाहीत. त्यांना त्याचे मार्क नसतात.

दुसरा नियम असा, की एखाद्या खोक्यात येणाऱ्या सगळ्या तारांतून माल येऊन पोचल्याशिवाय ते खोकं काम सुरू करत नाही. हे तत्त्व मला मुळीच नवीन नव्हतं. सात-बारा आला, जामीनदार आला, फोटो आला. पण फोटोच्या पाठीमागची सही आली नाही, तर आमचंही खोकं हलत नाही.

तिसरा नियम मात्र चमत्कारिक होता. खोकं पडद्यावर कुठं ठेवलं याच्याशी यंत्राला काडीचं देणंघेणं नाही. वर ठेवा, खाली ठेवा, कोपऱ्यात कोंबा. तारा बरोबर असल्या की काम बरोबर. “मग तू हे तासन् तास इकडचं तिकडे काय करत बसतेस?” मी विचारलं. “ते वाचणाऱ्यासाठी, बाबा. डावीकडून उजवीकडे वाहत गेलं पाहिजे. तार मागे वळायला नको, खोक्याखालून चोरून जायला नको. आणि सरांनी सांगितलंय, पूर्ण आकृती एका पडद्यात मावली पाहिजे. सरकवून सरकवून पाहावी लागली तर मार्क कापतील.”

म्हणजे शेवटी प्रश्न जागेचाच! मी खुर्ची पुढे ओढली. आता हा आपला प्रांत होता.

अडचण अशी होती : तापमापक आणि पंखा यांच्या मधोमध सरासरी काढणारं एक खोकं घालायचं राहून गेलं होतं. आकृती गच्च भरलेली. मी म्हटलं, पुढची सगळी खोकी एकेक करून उजवीकडे घे. “सत्तावीस खोकी आहेत, बाबा.” मग म्हटलं, नवं खोकं खाली कोपऱ्यात ठेव आणि तार लांबवून ने, लेजरमध्ये नाही का आपण ‘पुढे पान अमुक पाहा’ लिहीत? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की लेजरं गेली ते बरंच झालं असं मलाच वाटलं. मग तिनं कंट्रोलची कळ दाबून धरली, मधल्या चिमूटभर मोकळ्या जागेत माऊस टेकवला आणि उजवीकडे ओढला. आणि काय सांगू! पलीकडची सत्तावीसच्या सत्तावीस खोकी एका ओळीत चार बोटं सरकली. तारा लांबल्या, एकही तुटली नाही. कुणी कुणाच्या अंगावर पडलं नाही. मधे स्वच्छ, नितळ, बसायला योग्य अशी जागा.

मी जवळजवळ ओरडलोच, “अगं, ही तर सरका जरा!”

त्या दिवसापासून त्या कळेला आमच्या घरी तेच नाव पडलं. आल्ट नावाची कळ जोडीला दाबली तर उलट व्यवहारही करता येतो. जादा राहिलेली जागा काढून घेता येते. अशी कळ गाडीच्या बाकाला असती तर दोन माणसांची जागा घेऊन झोपणाऱ्यांची पंचाईत झाली असती.

अर्थात ‘सरका जरा’लाही मर्यादा आहे. बाकावर सहावा बसला की पलीकडच्या टोकाचा माणूस अर्धा अधांतरी होतो. इथंही तेच. दोनदा सरकवलं आणि पंख्याचं खोकं पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेलं. हे दुखणं जुनंच आहे म्हणतात. कामाच्या पायऱ्या चित्रात मांडायची कल्पना फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवराबायकोने 1921 साली अमेरिकेतल्या इंजिनिअरांपुढे मांडली होती. पडद्यावर चित्र काढून त्याचाच प्रोग्राम करायची करामत विल्यम सदरलँड याने 1966 साली एमआयटीच्या प्रबंधात करून दाखवली. आणि पुढे पीटर डॉईच नावाच्या संगणकतज्ज्ञाने सगळ्यांच्या उत्साहावर पाणी ओतणारा प्रश्न विचारला, की पडद्यावर एका वेळी पन्नासाहून जास्त चित्रखुणा मावत नाहीत, मग एवढ्याशा जागेत मोठं काम लिहिणार कसं? त्या मर्यादेला अजून त्याचंच नाव आहे. माणूस जागेच्या टंचाईतूनही नाव कमावतो. आम्ही नुसते अपडाऊन करतो.

डॉईचसाहेबांना कन्येचं उत्तर असं, की चित्राचा एक तुकडा निवडायचा आणि त्याचं एकच छोटं खोकं करून टाकायचं. आत पसारा तोच, बाहेरून दिसतो तो बोटाच्या पेराएवढा चौकोन. आत जाणाऱ्या तारांना जागा ठरलेल्या, बाहेर येणाऱ्यांना ठरलेल्या. हे मला पटकन समजलं, कारण माझं अर्धं बालपण अशाच खोक्याच्या दारात गेलंय. माझं आजोळ अमरावतीच्या परकोटाच्या आत. 1807 साली निजामाच्या राजवटीत पेंढाऱ्यांच्या भीतीने या गावाभोवती भिंत घालायला घेतली. आत शहर कितीही गजबजो, बाहेरच्या जगाला वाटा मोजक्याच : पाच दरवाजे आणि चार खिडक्या. खोलापुरी गेटाने आत शिरायचं, नागपुरी गेटाने बाहेर पडायचं. मधे कोणत्या गल्लीत काय शिजतंय याची कॅम्पातल्या साहेबाला चौकशी नको. लॅबव्ह्यूमध्ये चौकटीच्या भिंतीतून तार जिथं आत शिरते तिथं एक चिमुकला चौकोन उमटतो. त्याला ते लोक बोगदा म्हणतात. मी खिडकी म्हणतो.

फरक एकच. लॅबव्ह्यूच्या चौकटीला आपोआप वाढायची सोय असते. आत एखादं खोकं जास्त टाकलं की भिंतच सरकते. परकोटाला ती सोय नव्हती. म्हणून भिंत तिथंच राहिली आणि गाव मात्र दरवाज्यांतून सांडत सांडत राजापेठ, गाडगेनगर, साईनगर करत पार बडनेऱ्याच्या वाटेला लागलं.

आणि आमच्या फ्लॅटची जात परकोटाची. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भिंती वाढायची सोय नाही. त्यात आई यायची होती.

आम्ही दोघांनी मोठ्या उत्साहाने तयारी केली. आतल्या खोलीत तिचा पलंग बसावा म्हणून कपाट हलवलं. अकोल्याहून टेम्पोतून सामान आलं. त्यात तिच्या स्वयंपाकघरातले तेवीस डबे. पोचे आलेले, झाकणं अदलाबदल झालेले, डालड्याच्या जुन्या डब्यात तुरीची डाळ आणि बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी. ती झोपल्यावर सौभाग्यवतीने आणि मी रात्री बारापर्यंत खपून ते सगळे घासले, उंचीप्रमाणे लावले, मोठे मागे, लहान पुढे, आणि प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं. बँकेत माझ्या अक्षराला मान आहे. फळीकडे पाहून सौभाग्यवती म्हणाली, “बघा, आता कसं दुकानासारखं दिसतंय!” आम्ही समाधानाने झोपलो.

सकाळी आई स्वयंपाकघरात उभी होती. तेल तापून धूर निघाला होता आणि तिचा हात फळीवर चाचपत होता. तिनं गॅस बंद केला. मी म्हटलं, “काय झालं, आई? सगळं तर लावून ठेवलंय. चिठ्ठ्यासुद्धा आहेत.”

“सगळं हाय रे बापा,” ती म्हणाली. “पण मले काहीच सापडत नाही.”

मी म्हटलं, होईल चार दिवसांत सवय. आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. खरं सांगायचं तर तिचं बोलणं मी बडनेऱ्यापर्यंतसुद्धा नेलं नाही. त्या दिवसापासून स्वयंपाक सौभाग्यवतीच करू लागली आणि आई पलंगावर बसून राहू लागली. आम्हाला वाटलं, तिला आराम मिळाला.

प्रोजेक्टच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीची गोष्ट. कन्या दमून टेबलावरच डोकं ठेवून झोपली होती. तिला उठवून आत पाठवलं. लॅपटॉप उघडाच होता. मी आकृतीकडे पाहिलं. दोन तारा एकमेकींना ओलांडत होत्या, मधे बरीच जागा उगाच मोकळी होती, एक खोकं ओळीच्या किंचित खाली होतं. माझ्यातला कारकून जागा झाला. ‘सरका जरा’ला शेजारी असेल म्हणून मेनू उघडला, तर त्यात आकृती साफसूफ करायचं एक कलम दिसलं, कंट्रोल आणि यू. म्हटलं, पोरीचे मार्क वाढतील. दाबलं.

पडद्यावर क्षणभर पाखरांचा थवा उडाल्यासारखं झालं आणि सगळी खोकी नव्या जागी जाऊन बसली. तारा सरळ, अंतरं सारखी. मी खूश झालो. सेव्ह केलं, झाकण मिटायच्या आधी सगळं रीतसर बंदही केलं. शिस्त म्हणजे शिस्त.

पहाटे पाचला जी किंकाळी ऐकू आली तिने शेजारचे जोशीबुवाही उठले असतील.

“बाबा! हात कोणी लावला?”

गुन्हा कबूल केला. म्हटलं, “अगं, पण चालतंय ना?” तिनं चालवून पाहिलं. चालत होतं. पंखा फिरला, उरलेल्या तीन संत्र्यांना वारा लागला. एकही तार तुटली नव्हती. मी आणखी धीट झालो, “मग रडतेस कशाला? आधीपेक्षा नीटच दिसतंय.”

“चालतंय हो, बाबा! पण हे माझं नाहीये. सर विचारतील, मर्यादा कुठं तपासतेस? मला डोळे मिटून ठाऊक होतं, उजवीकडे वर, खिडकीपाशी. आता मलाच शोधावं लागतंय. त्या टिपा बघा, मी ज्याच्या शेजारी लिहिल्या होत्या ते एकीकडे आणि टिपा भलतीकडे. मधली ती जागा मी मुद्दाम सोडली होती!”

मागे फिरवायची सोय होती, पण ती प्रोग्राम उघडा असेपर्यंतच. मी शिस्तीने बंद केला होता. पेन ड्राइव्हवर एक प्रत होती, ती चार दिवसांपूर्वीची.

या गोंधळात आई कधी उठून दारात येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. “काऊन वं माय, काय झालं?” तिनं विचारलं. कन्येने हुंदके देत सांगितलं, की आजी, बाबांनी माझं सगळं लावून ठेवलं. आई दोन पावलं पुढे आली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “मोडलं असतं तं सांगता तरी आलं असतं. लावून ठेवलं म्हणजे कोनाले सांगावं?”

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण मी जिथं उभा होतो तिथं मला एकाएकी जागा कमी पडू लागली.

कन्या डोळे पुसून बसली. चार दिवसांपूर्वीची प्रत उघडली आणि राहिलेलं काम आठवून आठवून पुन्हा करायला घेतलं. आई शेजारी खुर्ची ओढून बसली. तिला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं आणि दिसतं तरी समजलं नसतं. ती नुसती बसली होती. मला फक्त एक काम मिळालं. “बाबा, तुम्ही कंट्रोल दाबून धरा. दुसऱ्या कशालाही हात लावू नका.” आयुष्यात प्रथमच मी कंट्रोल हातात असून मुकाट्याने बसलो. ती सांगे, “आता,” मी कळ दाबे, ती माऊस ओढी, आणि जिथं हवी तिथं, हवी तेवढीच जागा होई. बाकीचं सारं आपापल्या शेजाऱ्यासकट तसंच राही. साडेआठला काम झालं. मी रजा टाकली. परीक्षा पार पडली. आकृती एका पडद्यात मावली आणि मर्यादा कुठं तपासतेस, हा प्रश्न सरांनी खरंच विचारला. तिनं पडद्याकडे न पाहता बोट ठेवलं.

संध्याकाळी कन्या वही घेऊन आजीच्या पलंगावर बसली. “आजी, अकोल्याला कोणता डबा कुठं होता, सांग.” आई हवेत हात फिरवून सांगू लागली. डाव्या हाताला खिडकी. खिडकीपाशी तेलाची बरणी. मग मोहरी, मग जिरं, मग हिंग, मग हळद, मग तिखट, आणि उजव्या टोकाला मीठ. डाळ खाली, हात सोडला की लागेल अशी. कन्या लिहिता लिहिता थांबली.

“बाबा, अहो, ही फोडणी आहे! डावीकडून उजवीकडे!”

खरंच होतं. पन्नास वर्षं त्या बाईचा हात त्या फळीवरून तेलापासून मिठापर्यंत सरळ वाहत गेला होता. तार एकदाही मागे वळली नव्हती. डोळ्यांना दिसेनासं झालं तरी चाललं होतं, कारण सगळं जागेवर होतं. आणि माझ्या सुंदर अक्षरातल्या चिठ्ठ्या तिला वाचता येणार नव्हत्या, एवढी साधी गोष्ट वाणिज्य पदवीधराच्या ध्यानात आली नव्हती. डबे उंचीप्रमाणे लावले ते कुणासाठी? आमच्यासाठी. त्यांना पाहणारे आम्ही होतो. हात घालणारी ती होती. हेडक्लार्क चहाचा हिशेब लिहिता लिहिता जे बोलले होते ते पंचवीस वर्षांनी मला कळलं.

आम्ही चिठ्ठ्या काढल्या. डबे पुन्हा मांडले. इथं खिडकी उजवीकडे होती, म्हणून आईने क्रम तोच ठेवून फळी मात्र डावीकडची मागितली. तिथं सौभाग्यवतीचा मिक्सर होता. सासूसुनेच्या इतिहासात याहून लहान कारणांवरून मोठ्या लढाया झाल्या आहेत. मी श्वास रोखून उभा राहिलो. सौभाग्यवतीने मिक्सरकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मिक्सर उचलला नाही. नुसता चार बोटं सरकवला. मग त्याच्या शेजारची किसणी चार बोटं सरकली, मग चहा-साखरेचे डबे, मग लिंबाच्या लोणच्याची बरणी. सौभाग्यवतीचं काही फळीवरून गेलं नाही, आणि मधे सात डब्यांची जागा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीचा वास आला तेव्हा मी दाढी करत होतो. आत डोकावलो. आई डोळे मिटून उभी होती आणि तिचा हात फळीवरून चालला होता. तेल, मोहरी, जिरं, हिंग. मी डबा घ्यायला आत शिरलो, तर तिनं न पाहताच कोपराने मला बाजूला केलं.

“सरक रे जरासा,” ती म्हणाली. “मधात येऊ नको.”

मी सरकलो.